नाव सांगा, डॉक घ्या

राग यायला मोठं कारण लागतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी कंपनीच्या हेल्पडेस्कशी कधी संसार केलेला नसतो.

बाळंतपणाच्या रजेवरून मी कामावर रुजू झाले त्या दिवशी ऑफिसनं घरी एक खोकं पाठवलं. खोक्यात लॅपटॉप होता, पण माझा नव्हता. माझा पातळ, हलका, एका हातानं उचलता येणारा लॅपटॉप 'रिकामा पडून होता' म्हणून कुणा नव्या माणसाला देऊन टाकला होता. रिकामी मीही पडून होते अशी ऑफिसची समजूत होती. "काय स्फूर्ती, मस्त आराम झाला ना?" असं आमच्या फणींद्र सरांनी फोनवर विचारलं, तेव्हा माझ्या एका खांद्यावर दूध उलटलेलं होतं, दुसऱ्या खांद्यावर ते उलटवणारी होती, आणि केस विंचरल्याला किती दिवस झाले हे कंगव्यालाही आठवत नव्हतं. आई-वडिलांनी माझं नाव स्फूर्ती ठेवलं ते मला मूल होण्याच्या आधी.

बदल्यात आलेला लॅपटॉप म्हणजे निव्वळ पाटा होता. अत्तेंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तो दोन्ही हातांनी उचलून पाहिला आणि म्हणाल्या, "वरवंटा वेगळा येणार आहे का?"

फणींद्र सरांची अट साधी होती. माझं काम विम्याचे दावे तपासायचं. एका मोठ्या स्क्रीनवर दावा, दुसऱ्या मोठ्या स्क्रीनवर नियम. "तुझी इंचरा वर्षाची होईपर्यंत तू घरून काम कर, माझी काही हरकत नाही," सर म्हणाले. "फक्त सोमवारपर्यंत घरी दोन्ही स्क्रीन चालू करून दाखव. नाहीतर मंगळवारपासून ऑफिस. तुझ्याच सोयीसाठी सांगतोय."

माझ्या सोयीसाठी! आमचं घर हनुमंतनगरात, ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला, रिंग रोडवर. सकाळी निघालं की पोचेपर्यंत दुपारच्या डब्याची वेळ होते आणि संध्याकाळी निघालं की शेजाऱ्यांची जेवणं झालेली असतात. आणि इंचरा, म्हणजे आमची पुट्टी, बाटली तोंडात धरत नाही. रागीची पेज दोन चमचे खाते, तिसरा भिंतीला देते. बाकी सगळी भिस्त माझ्यावर. बाटली पुढे केली की ती माझ्याकडे असं बघते, जसं मी त्या खोक्याकडे बघितलं होतं. तेव्हा सोमवार म्हणजे माझ्यासाठी तारीख नव्हती. माझी मुलगी दिवसभर उपाशी राहणार की नाही, हे सोमवारी ठरणार होतं.

स्क्रीन आल्या. त्यांच्याबरोबर डॉकही आला. डॉक म्हणजे एक काळा डबा. स्क्रीनच्या वायरी, कळफलक, चार्जर, सगळं त्याच्या पाठीत खुपसून ठेवायचं आणि डब्याचं एकच तोंड लॅपटॉपला लावायचं, की सगळी वरात एकदम चालू. कल्पना उत्तम आहे. माझ्या डब्याच्या तोंडाशी एक चपटी, लांबट गोल पिन होती, आणि माझ्या लॅपटॉपच्या अंगावर जगातली सगळी भोकं होती, एवढं एक सोडून.

मी हेल्पडेस्कला फोन लावला. पलीकडे भुवन नावाचा गृहस्थ होता. आवाज इतका शांत, की ऐकणाऱ्याचं रक्त आपोआप उकळावं.

"मॅडम, डॉक बदलून मिळेल. फक्त तुमच्या लॅपटॉपच्या डॉकिंग कनेक्टरचं, म्हणजे डॉक लागतो त्या तोंडाचं, नाव तक्रारीच्या तिकिटात लिहा."

"नाव मला माहीत असतं तर मी तुमच्या खुर्चीत बसले नसते का? फोटो पाठवते."

"फोटो चालत नाही मॅडम. नाव लागतं. यादीतून निवडायचं."

"लॅपटॉप तुमचा, तुम्ही दिलेला. तुम्हीच बघा ना कुठला आहे."

"ते मॉडेल आमच्या नोंदीत नाही मॅडम. फार जुनं आहे. नाव सांगा, डॉक घ्या."

पुट्टीचं नामकरण आमच्याकडे एका सकाळीत उरकलं. पाळणा, कानात नाव, चित्रान्नाचं जेवण, सगळे घरी. इथे एका भोकाच्या बारशासाठी मला मुहूर्त सापडत नव्हता. यादी उघडली तर कसलीकसली इंग्रजी अक्षरं आणि आकडे, बसच्या पाट्यांसारखे. मी त्यातल्या त्यात घरंदाज वाटलेलं एक नाव निवडलं. दोन दिवसांनी दुसरा डॉक आला. त्याचं तोंड लॅपटॉपच्या कुशीत घुसणारं होतं, आणि माझ्या लॅपटॉपला कूसच नव्हती. मी फोन करण्याआधीच निरोप आला: 'तुमची तक्रार दूर झाली आहे. आमच्या सेवेला किती तारे द्याल?'

तारे! दिवसाढवळ्या दिसत होते, तेवढे सगळे दिले असते.

नवऱ्यानं, गुरुकिरणनं, बाजारातून एखादा जोड आणून लावू असं सुचवलं. मी भुवनला विचारलं. "बाहेरची वस्तू लावली तर सुरक्षेचा भंग होतो मॅडम," तो त्याच थंडपणे म्हणाला. गुरुकिरण कामावर निघून गेला. नवऱ्यांना ऑफिस असतं ही किती सोयीची गोष्ट आहे!

मग अत्तेंनी खालच्या मजल्यावरच्या शेषगिरी अंकलना बोलावलं. अंकल टेलिफोनच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या मते जगात दोनच यंत्रं निर्माण झाली: एक टेलिफोन, आणि दुसरं टेलिफोन बिघडल्यासारखं काहीतरी. ते भिंग घेऊन आले, लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर आडवा केला आणि एखाद्या म्हशीचे दात बघावेत तसे त्याला चारी बाजूंनी फिरून बघू लागले.

"हे निळं, पंधरा भोकांचं?"

"जुन्या स्क्रीनचं, अंकल."

"जुन्या म्हणजे चांगल्या. हे बारकं, दोन कोपरे छाटलेलं?"

"तेही स्क्रीनचंच असावं."

"असावं नाही, आहे. मला ठाऊक आहे. आत्ता फक्त नाव आठवत नाहीये. आणि ही कोपऱ्यातली चीर?"

"काय असेल?"

"इथून पाणी निघून जातं."

ती चीर लॅपटॉपला साखळी घालून टेबलाला बांधण्यासाठी असते, हे मला पुढे कळलं. तेव्हा मात्र मी 'हो का' म्हणाले. दमलेली आई कशालाही हो का म्हणते.

मग अंकलना नेटच्या वायरीचं चौकोनी भोक दिसलं आणि त्यांचे डोळे पाणावले. "अगं, हा आपला माणूस!" त्यांनी आमच्या फोनची वायर भिंतीतून उपसली आणि त्या भोकात बसवली. खट् करून बसलीही. "आता शांत राहा. टोन येईल." त्यांनी लॅपटॉपला कान लावला. अत्तेंनी कुकरचा गॅस बंद केला. पुट्टीसुद्धा अंगठा चोखायची थांबली.

"येतोय," अंकल कुजबुजले. "लांबून येतोय."

"अंकल, तो आतला पंखा आहे."

"मला शिकवू नकोस. मी पंख्यांचा टोनही ओळखतो."

एवढ्यावर थांबले असते तर मी त्यांना कॉफी पाजून पाठवलं असतं. पण त्यांना उजव्या कडेला एक सपाट फट सापडली. "हे तर बँकेच्या मशीनसारखं!" म्हणत त्यांनी खिशातून आपलं एटीएम कार्ड काढलं आणि मी "अंकल, नको!" म्हणेपर्यंत आत सारलं. कार्ड लोण्यात सुरी जावी तसं गेलं. स्क्रीनवर एक चौकट उमटली आणि तिनं गुप्त क्रमांक मागितला.

"तोंडं फिरवा सगळ्यांनी," अंकल म्हणाले. आम्ही फिरवली. पुट्टी बघत होती, तर तिचंही डोकं त्यांनी हळूच पलीकडे वळवलं. मग त्यांनी आपला बँकेचा आकडा टाकला. चुकीचा. पुन्हा टाकला. पुन्हा चुकीचा. तिसऱ्या वेळी स्क्रीन काळी झाली ती झालीच.

"बघ, बंद करून दाखवला," अंकल म्हणाले, आणि कार्ड काढून घेऊन घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सुरक्षा विभागाचा निरोप: 'आपल्या यंत्रात अनोळखी कार्ड घातले गेले आहे. यंत्र कुलूपबंद केले आहे. सोमवारी यंत्रासह समक्ष येऊन खुलासा करावा.' त्याखाली फणींद्र सरांची एक ओळ: 'येतेच आहेस तर तेव्हाच ठरवून टाकू.'

मी त्या रविवारी जितक्या वेळा लॅपटॉप उलटा करून पोटाकडून बघितला, तितक्या वेळा पुट्टीलाही बघितलं नसेल. पोटाला एक छोटं सरकतं झाकण होतं. ते सरकवलं की आत बोटभर लांबीचं तोंड, त्यात कंगव्यासारख्या बारीक पितळी दातांच्या रांगा, आणि दोन्ही बाजूंना आकड्या अडकायच्या दोन खाचा. डॉक लागत असणार तो इथेच, याबद्दल मला शंका उरली नव्हती. पण नाव? मी त्या तोंडाला त्या दिवशी जी नावं ठेवली, ती यादीत नव्हती आणि इथेही लिहिता येणार नाहीत.

"मी येते तुझ्याबरोबर," अत्ते म्हणाल्या. "पोरगीही येईल. तिला उपाशी ठेवून खुलासे कसले?"

सोमवारी रिंग रोडच्या गेटवर पहिली लढाई झाली. पहारेकऱ्याच्या यंत्रात पाहुण्यांची माहिती भरल्याशिवाय पास निघत नव्हता.

"बाळ कुठल्या कंपनीकडून आलंय?"

"आईकडून," अत्ते म्हणाल्या.

"कुणाला भेटायचंय त्यांना?"

"ते ठरवायला अजून लहान आहे ती."

"मोबाईल नंबर?"

"माझा चालेल का?" मी विचारलं.

"एका नंबरवर दोन पाहुणे होत नाहीत मॅडम."

शेवटी पुट्टीला शेषगिरी अंकलचा नंबर लावला, आणि आम्ही वर गेलो. खुलाशाला त्यांचा काहीतरी हातभार नको का!

हेल्पडेस्कवर भुवन प्रत्यक्ष भेटला. दाढीवाला, भारदस्त, फोनवर होता तेवढाच शांत. त्यानं कुलूप काढलं, लॅपटॉप उलटा केला, झाकण सरकवलं आणि अजून तिघांना हाक मारली. चार इंजिनियर माझ्या लॅपटॉपच्या पोटाभोवती जमले.

"हे पोर्ट नाहीच," एक म्हणाला. "हवा जायला जागा आहे."

"मेमरी लावायची असेल."

"बॅटरीचं असणार."

"पण बॅटरी तर इकडे आहे."

"मग दुसऱ्या बॅटरीचं."

"म्हणजे," मी विचारलं, "जे नाव तुम्ही मला आठवडाभर विचारताय, ते तुम्हाला चौघांनाही माहीत नाही?"

"आम्हाला माहीत नाही म्हणूनच विचारतो ना मॅडम," भुवन म्हणाला.

यावर मी काय बोलणार होते ते मला ठाऊक होतं, पण तेवढ्यात फणींद्र सर आले. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग खूप समजूतदार चेहरा केला. "जाऊ दे स्फूर्ती. आपण प्रयत्न केला. उद्यापासून इथेच येत जा. बाळाला सवय होईल. होतेच."

होतेच! हे त्या माणसानं सांगावं, ज्याच्या मुलांना सवय लावायला घरात कायम दुसरं कुणीतरी होतं! मी तोंड उघडलं, आणि नेमकी पुट्टी रडायला लागली. भुकेचं रडं. त्या रडण्यापुढे कुठलाही मुद्दा टिकत नाही.

आमच्या ऑफिसात लेकुरवाळ्या बायकांसाठी एक खोली आहे. दारावर गुलाबी पाटीसुद्धा आहे. खोलीत मोडक्या खुर्च्या भरलेल्या होत्या आणि किल्ली व्यवस्थापनाच्या हेमलता मॅडमकडे होती. त्या येईपर्यंत पुट्टी थांबायला तयार नव्हती. मी स्वागतकक्षातल्या सोफ्यावर बसले, ओढणी घेतली आणि तिला पाजायला लागले. समोर कोनाड्यात ऑफिसचा गणपती होता. माझी नजर बरोबर त्याच्या पायांशी आली.

गणपती एका काळ्या, किंचित उतरत्या पाटावर बसला होता. पाटाच्या पुढच्या भागात हळद-कुंकवाचा थर. आणि त्या थरातून वर आलेली, बोटभर लांबीची, कंगव्यासारख्या दातांची रांग. दोन्ही बाजूंना दोन आकड्या.

मी ते तोंड झोपेतही ओळखलं असतं. झोप मिळाली असती तर, एवढंच.

आता ओरडायचं होतं मला. पण पिणाऱ्या मुलीला दचकवलं की ती चावते, आणि पुट्टीला खालचे दोन दात आलेत. म्हणून मी आठवड्याचा सगळा संताप कुजबुजत बाहेर काढला.

"सर," मी कुजबुजले.

"काय?" ते वाकले. भुवन वाकला. बाकीचे तिघे वाकले. आवाज इतका लहान होता, की अर्धं ऑफिस जवळ आलं.

"मी हनुमंतनगरातून दोन डॉक, एक सासू आणि एक मूल घेऊन आले. तुम्ही मला भोकाचं नाव विचारलंत. माझा लॅपटॉप तुम्ही दिलात, तुम्हाला त्याचं नाव माहीत नाही. त्याचा डॉक तुमच्या दारात आहे, तुम्ही रोज येता-जाता त्याला नमस्कार करता, आणि तोही तुम्हाला माहीत नाही. आणि सवय मात्र माझ्या मुलीनं करायची?"

कुजबुजीला उत्तर कुजबुजतच द्यावं लागतं, आणि फणींद्र सरांना तेवढं हळू बोलायची सवय नव्हती.

तेवढ्यात हेमलता मॅडम किल्ली घेऊन पोचल्या. भुवननं कोनाड्याकडे हात करताच त्या आडव्या आल्या. "हात लावायचा नाही. आयुधपूजेत मांडलेलं आहे. जुनं सामान पूजेला काढलं होतं, त्यावरच गणपती बसवला. आता तो हलवायचा कसा?"

"कुठल्या आयुधपूजेत?" अत्तेंनी विचारलं.

"तीन वर्षं झाली असतील."

अत्तेंच्या चेहऱ्यावर जो राग आला तो माझ्याहून जुना, घरंदाज आणि कोरडा होता. "बाई, नवमीला आयुधं पुजतात. आणि दशमीला?"

हेमलता मॅडमनी गणपतीकडे वळून बघितलं.

"दशमीला कामाला लावतात. सुताराचा रंधा, ड्रायव्हरची गाडी, मुलांची पुस्तकं. एक दिवस विश्रांती, दुसऱ्या दिवशी काम. तीन वर्षं आयुध निजवून ठेवलंत, त्यावर देव बसवलात, आणि वर कुंकू घालताय? याला पूजा म्हणत नाहीत. याला नजरकैद म्हणतात."

हेमलता मॅडमनी किल्ली असलेला हात हळूच खाली घेतला. अत्तेंनी पदर खोचला, हात जोडून काहीतरी पुटपुटल्या, गणपतीला बोटभर उत्तरेकडे सरकवलं आणि मग दोन्ही हातांनी उचलून फायलींच्या कपाटावर नेऊन ठेवला. "ऐसपैस बस," त्याला म्हणाल्या.

कुंकू काढायला कुणाच्या तरी खणातला दात घासायचा ब्रश आला. भुवन फुंकत होता, घासत होता, त्याची दाढी लाल झाली. वीज द्यायला माझ्याच चार्जरची गोल पिन चालली, आणि शेजारच्या टेबलावरच्या दोन मोठ्या स्क्रीनच्या वायरी त्याच्या पाठीत खुपसल्या. त्यानं लॅपटॉप वरून ठेवला आणि दाबला. खट्ट.

दोन्ही स्क्रीन उजळल्या.

पुट्टी ओढणीतून डोकं काढून बघू लागली. फणींद्र सरांनी वाकून डॉकच्या पाठीतल्या वायरी एकेक करून तपासल्या. मग म्हणाले, "ठीक आहे. वर्षाची होईपर्यंत."

"लिहून द्या," मी म्हणाले. आता पुट्टीचं पोट भरलं होतं, त्यामुळे नेहमीच्या आवाजात म्हणाले. त्यांनी तिथेच, उभ्या उभ्या, लिहून दिलं.

गेटवर शेवटचा अडथळा होता. भुवननं आधीच सांगितलं होतं, की तो डॉक कंपनीच्या नोंदीतून कधीच वजा झालाय. जी वस्तू नाही तिचा बाहेर न्यायचा पास निघत नाही. पहारेकऱ्यानं पिशवी उघडून काळा, कुंकवाचे डाग पडलेला डबा बाहेर काढला.

"हे काय?"

"देवाचा पाट," अत्ते म्हणाल्या.

त्यानं टोपी काढली, डबा कपाळाला लावला आणि दोन्ही हातांनी परत दिला.

घरी सगळं जुळलं. आता एका स्क्रीनवर दावा, दुसरीवर नियम, मांडीवर पुट्टी. राहिलं होतं ते पुन्हा उघडलेलं तिकीट बंद करणं. कनेक्टरचं नाव लिहिल्याशिवाय ते बंद होत नव्हतं, आणि नाव शेवटपर्यंत कुणालाच सापडलं नाही. डब्याच्या पोटावरची चिठ्ठी तेलाकुंकवात केव्हाच विरघळली होती. मी 'इतर' निवडलं आणि समोर लिहिलं: देवाचा पाट. यंत्रानं क्षणभर विचार केला आणि कळवलं, 'नवे नाव यादीत समाविष्ट केले आहे. धन्यवाद.'

पुढच्या महिन्यात दुपारी मंगळूरच्या शाखेतून फोन आला. कुणी अनोळखी बाई, आवाज जेमतेम ऐकू येईल एवढा.

"मॅडम, यादीत 'देवाचा पाट' असं एक नाव आहे, ते तुम्ही घातलंत ना? मी नुकतीच रुजू झाले. मला एक जुना जड लॅपटॉप दिलाय. त्याच्या पोटाला लांबट तोंड आहे, कंगव्यासारखं. ते तेच का?"

"इतक्या हळू का बोलतेस?"

"मांडीवर झोपलाय."

मी माझ्या मांडीकडे बघितलं. तिथेही झोपली होती.

"तेच आहे," मी कुजबुजले. "आता तिकीट वगैरे काही लिहू नकोस. तुमच्या ऑफिसात देव कशावर बसवलाय, तेवढं आधी बघून ये."